चार्ल्स तिसऱ्यांच्या कारकिर्दीला युग म्हणण्याची घाई नको

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

ब्रिटनचे राजे चार्ल्स तिसरे ८ सप्टेंबर २०२२ रोजी गादीवर आले आणि ६ मे २०२३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचा राज्याभिषेक झाला. त्या सुमारास इंग्रजी वृत्तपत्रांत त्यांच्या कारकिर्दीसाठी ‘कॅरोलियन युग’ हा शब्दप्रयोग सुरू झाला आणि आता तो मराठी लेखांतूनही, बहुधा फारशी चौकशी न करता, उचलला जाऊ लागला आहे. चार्ल्सचे लॅटिन रूप कॅरोलस, त्यावरून हे विशेषण आले. इतके सांगितले की शब्दाबद्दल सांगण्यासारखे फारसे उरत नाही. माझी हरकत वेगळी आहे. कारकीर्द जेमतेम सुरू झालेली असताना तिला युग ठरवून टाकणे, आणि तसे ठरवताना त्याच नावाच्या आधीच्या राजाच्या, दुसऱ्या चार्ल्सच्या, काळात मुंबईत आणि रायगडावर काय घडत होते याचा उल्लेखही न करणे, या दोन्ही गोष्टी मराठी वृत्तपत्रांनी टाळाव्यात, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

इंग्लंडच्या इतिहासातल्या काळांना नावे कशी पडली हे पाहिले तर राजा गादीवर बसला म्हणून त्याच्या नावाचे युग सुरू झाले, असे सहसा घडलेले दिसत नाही. एडवर्ड सातवा जानेवारी १९०१ ते मे १९१० अशी अवघी नऊ वर्षे राजा होता, तरी ‘एडवर्डियन काळ’ हे नाव पक्के झाले, इतके की पुष्कळ लेखक तो काळ पहिल्या महायुद्धापर्यंत, म्हणजे राजाच्या मृत्यूनंतरही चार वर्षे, ताणतात. उलट तिसऱ्या जॉर्जने १७६० ते १८२० असे जवळजवळ साठ वर्षे राज्य केले, पण त्याच्या वाट्याला स्वतंत्र नाव आले नाही. १७१४ पासून १८३० पर्यंतच्या चार जॉर्ज राजांच्या ‘जॉर्जियन’ काळात त्याला वाटेकरी व्हावे लागले, आणि त्याच्या आजारपणातली १८११ ते १८२० ही वर्षे तर मुलाच्या राजप्रतिनिधित्वामुळे ‘रीजन्सी’ म्हणूनच ओळखली जातात. चौथ्या विल्यमच्या सात वर्षांत १८३२ चा संसदीय सुधारणेचा कायदा आणि १८३३ चा गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. त्या शतकातल्या इतक्या मोठ्या घडामोडी ज्या कारकिर्दीत झाल्या, तिला आज कोणी नावानेही ओळखत नाही. पाचव्या जॉर्जच्या पंचवीस वर्षांना लोक महायुद्धाच्या आणि दोन महायुद्धांमधल्या काळाच्या नावाने ओळखतात. आठवा एडवर्ड तर १९३६ मध्ये वर्षही पुरे न करता पायउतार झाला. म्हणजे कारकिर्दीची लांबी, राजाची थोरवी किंवा त्या काळात घडलेल्या घटनांचे मोल, यांपैकी एकही कसोटी सगळीकडे लागू पडत नाही. नाव पुढच्या पिढ्यांनी, त्यांच्या सोयीने आणि त्यांच्या आठवणीच्या बळावर दिलेले असते.

नाव आधी देऊन पाहण्याचा एक प्रयोग जाणत्या माणसांच्या आठवणीतला आहे. दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक २ जून १९५३ रोजी झाला आणि त्याच सकाळी एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी लंडनला पोहोचली. ‘नवे एलिझाबेथन युग’ सुरू झाल्याची ग्वाही तिथल्या वृत्तपत्रांनी देऊन टाकली. पहिल्या एलिझाबेथच्या काळातले दर्यावर्दी आणि नाटककार पुन्हा जन्माला येणार, असाच सगळा सूर होता. त्याच वर्षीच्या नाताळच्या भाषणात, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून बोलताना, खुद्द राणीने सांगितले की आपल्या त्या थोर ट्यूडर पूर्वज राणीसारखे आपल्याला मुळीच वाटत नाही. ती हुकूमशहासारखी राज्य करी आणि तिला मायदेशाचा किनारा कधी सोडता आला नाही. सत्तावीस वर्षांच्या राणीला जे उमगले ते तिच्या स्तुतिपाठकांना उमगले नव्हते. तीन वर्षांनी, १९५६ मध्ये, सुएझ कालव्याच्या प्रकरणात ब्रिटनची नाचक्की झाली आणि ते नाव मागे पडले. राणीने पुढे एकूण सत्तर वर्षे राज्य केले, चर्चिल यांच्यापासून लिझ ट्रस यांच्यापर्यंत पंधरा पंतप्रधान पाहिले, तरी १९८० च्या दशकाला तिथला सामान्य माणूस थॅचर यांचा काळ म्हणतो.

हे वाचताना मराठी वाचकाला पेशवाई आठवल्याशिवाय राहणार नाही. शाहू छत्रपती १७०८ मध्ये साताऱ्यास अभिषिक्त झाले आणि १७४९ पर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ, गादीवर होते. पेशवेपदाची वस्त्रे त्यांच्या हातून दिली जात आणि मोहिमांना मान्यता त्यांची लागे. तरीही आपण त्या शतकाला पेशवाई म्हणतो, कारण हळूहळू सत्ता जिकडे सरकली तिकडेच नावही सरकले. मी साताऱ्याचा असल्यामुळे ही गोष्ट मला जरा अधिक जाणवते, आणि शाहू महाराजांवर त्यात अन्याय झाला आहे असेही माझे मत आहे. पण नाव कसे पडते याचा तो अगदी घरचा दाखला आहे. ज्या राजाच्या हाती कारभार नाही, त्याच्या नावाने कारभाराचा काळ ओळखला जाणे अवघड असते, आणि चार्ल्स तिसरे यांच्या हाती कारभार नाही.

पहिल्या चार्ल्सच्या हाती तो होता. १६२९ ते १६४० अशी अकरा वर्षे त्याने पार्लमेंट न बोलावता राज्य केले, त्यातून यादवी युद्ध ओढवले, आणि १६४९ च्या जानेवारीत व्हाइटहॉल राजवाड्यासमोर त्याचा शिरच्छेद झाला. ज्याच्या लहरीने देश पेटला त्या राजाची आणि ज्यांच्या मुखाने मंत्रिमंडळाने लिहिलेले भाषण वाचले जाते त्या राजाची तुलना निव्वळ नाव एक म्हणून करायची, हे मुळातच पटण्याजोगे नाही.

राजवटींचा हिशेब ठेवण्याची एक अधिकृत पद्धत मात्र ब्रिटनमध्ये शतकानुशतके होती आणि ती भारताच्या इतिहासात खोलवर शिरलेली आहे. पार्लमेंटचे कायदे राजाच्या कारकिर्दीच्या वर्षाने ओळखले जात. १८५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य संपवून भारताचा कारभार राणीकडे नेणारा कायदा व्हिक्टोरियाच्या एकविसाव्या व बाविसाव्या वर्षाचा १०६ वा कायदा म्हणून नोंदलेला आहे, आणि ज्या कायद्याने १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला तो सहाव्या जॉर्जच्या दहाव्या व अकराव्या वर्षाचा ३० वा कायदा आहे. १९६२ मध्ये कायदा करून ही पद्धत मोडीत काढली गेली आणि १९६३ पासून तिथले कायदे साध्या इसवी सनाने मोजले जातात. अशा मोजणीत स्तुतीला जागा नव्हती, पण राजकारणाला होती. दुसरा चार्ल्स १६६० मध्ये परदेशातून परत येऊन गादीवर बसला, तेव्हा ते त्याच्या कारकिर्दीचे पहिले वर्ष न मानता बारावे मानले गेले, कारण बापाचा शिरच्छेद झाला त्या दिवसापासून आपण राजा आहोत असा त्याचा दावा होता. मधली, यादवी युद्धानंतर सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलची आणि प्रजासत्ताकाची सगळी वर्षे कागदावरून पुसून टाकण्याची ही सोपी युक्ती होती.

आणि याच मोजणीने कारकिर्दीच्या विसाव्या वर्षात, २७ मार्च १६६८ रोजी, दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर, कॅथरिन ऑफ ब्रागांझाबरोबर, ते त्याला आंदण मिळालेले होते. बेट ताब्यात घ्यायला आलेल्या इंग्रज शिपायांना पोर्तुगीजांनी उतरू दिले नाही. गोव्याच्या दक्षिणेस अंजदीव बेटावर ते अडकून पडले, रोगराईने बहुतेक मेले आणि त्यांचा सेनापती सर अब्राहम शिपमन १६६४ मध्ये तिथेच वारला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकने मुंबईचा ताबा घेतला. राजाला मात्र हे बेट परवडेना. तीन वर्षांत त्याने ते कंपनीला दिले, तेही वर्षाला दहा पौंड सोन्याच्या रूपात, दर ३० सप्टेंबरला भरायचे, अशा खंडावर. त्या सनदेत मुंबई ही केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिचच्या जहागिरीच्या धर्तीवर धारण करावी असे लिहिलेले आहे. कोळ्यांच्या, भंडाऱ्यांच्या आणि पाठाऱ्यांच्या वस्तीचे हे बेट कायद्याच्या लेखी लंडनजवळच्या एका खेड्याच्या हिशेबात बसवले गेले! ‘कॅरोलियन’ या विशेषणाचा महाराष्ट्राशी आलेला पहिला मोठा संबंध हा असा आहे. मराठी वृत्तपत्राने तो शब्द वापरावा आणि या सनदेचे नावही काढू नये, याचे मला खरोखर दुःख होते.

त्याच कारकिर्दीत, सनदेनंतर सहा वर्षांनी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी, रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने हेन्री ऑक्झेंडन याला वकील म्हणून पाठवले होते. राजापूरच्या लुटलेल्या वखारीची नुकसानभरपाई आणि व्यापाराच्या सवलती हे त्याचे काम होते. महाराजांचे न्यायाधीश निराजीपंत यांच्या मध्यस्थीने तो दरबारात गेला, त्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी पुढे केली आणि सिंहासनाभोवती काय पाहिले ते लिहून ठेवले: उजव्या बाजूला मोठ्या दातांची सोन्याची दोन मत्स्यमुखे, डाव्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि एका मौल्यवान भाल्याच्या टोकावर समतोल टांगलेला सोन्याचा तराजू. तो तराजू न्यायाचे चिन्ह आहे, हेही त्याने नमूद केले आहे. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीचा म्हणून जो काळ सांगितला जातो, त्यातल्या एका इंग्रजाच्या डोळ्यांनी टिपलेले हे दृश्य माझ्या मते त्या काळाच्या कोणत्याही इतिहासात मानाने बसण्याजोगे आहे.

या राज्याभिषेकापासून महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला. तोवर मराठी कागदांवर दक्षिणेतल्या सुलतानांच्या राजवटीत रूढ झालेला सुहूर सन लिहिला जाई; आता ‘स्वस्तिश्री राज्याभिषेक शके १, आनंदनाम संवत्सरे’ अशी सुरुवात होऊ लागली. इथे कोणी मला विचारील की महाराजांनी पहिल्याच दिवशी शक सुरू केला तो चालतो, मग चार्ल्स यांचे युग पहिल्या वर्षी जाहीर केले तर बिघडले कुठे? फरक मोठा आहे. शक सुरू करणे ही सार्वभौमत्वाची घोषणा होती. विजापूर, गोवळकोंडा आणि दिल्ली या तिन्ही दरबारांना त्यातून सांगायचे होते की या मुलखात आता कालगणनाही आमची आहे. पुढे पराक्रम कसा होईल याचे भाकीत त्यात नव्हते. शिवाय तो शक एका व्यक्तीच्या आयुष्याला बांधलेला नव्हता. संभाजी महाराजांनी, राजाराम महाराजांनी, शाहू महाराजांनी नवा आकडा न धरता तोच पुढे चालवला. जपानमध्ये मे २०१९ मध्ये सम्राट नारुहितो गादीवर आल्यावर ‘रेइवा’ हे नाव लागू झाले तेही कायद्याने ठरवलेल्या कालगणनेचे नाव आहे, आणि तिथल्या सरकारी कागदांवर, नाण्यांवर त्याचे वर्ष छापले जाते. ब्रिटनमध्ये असे काही जाहीर झालेले नाही. ‘कॅरोलियन युग’ हे सुरुवातीलाच दिलेले प्रशस्तिपत्र आहे, आणि ते देणारे राजकारणी व स्तंभलेखक आहेत.

आणखी एका कारकिर्दीबद्दल लिहिल्याशिवाय ही तुलना पुरी होणार नाही, कारण नव्या राजाला जोखताना सगळे जण व्हिक्टोरियाच्या काळाचा दाखला देतात आणि बहुधा वैभव, शिस्त व प्रगती हे तीन शब्द त्याला जोडतात. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, त्या दिवशी सोलापूर, विजापूर, अहमदनगर भागात दुष्काळाने माणसे मरत होती. त्या दरबाराला पुणे सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, स्वतःच्या हातच्या सुताची खादी नेसून गेले आणि भारतीयांना ब्रिटिश प्रजाजनांच्या बरोबरीचे हक्क मिळावेत असे मागणारे मानपत्र सादर केले. दोन वर्षांनी वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केले, त्यामागे याच दुष्काळात पाहिलेली माणसांची दैना होती. पुढे राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव आला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर रोषणाई होती, प्लेगच्या झडत्यांनी होरपळलेले पुणे खाली अंधारात होते, आणि समारंभातून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली. पुण्याच्या माणसाने व्हिक्टोरियन काळ कशावरून ओळखावा, याचे उत्तर त्या रस्त्यावर आहे. मुंबईच्या माणसाला ते रेल्वेच्या इमारतीत मिळेल: १८८७ मध्ये राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी तिचे नाव दिलेले टर्मिनस १९९६ पासून शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते, आणि इमारत तीच, तशीच देखणी उभी आहे. ती इमारत मला मनापासून आवडते. त्या कारकिर्दीत उभे राहिलेले सगळे वाईट, असे मी म्हणत नाही.

चार्ल्स तिसरे यांच्याविषयी मला व्यक्तिशः आदर आहे. पर्यावरणाविषयी ते बोलू लागले तेव्हा त्यांची टिंगल होत असे, तरी त्यांनी तो विषय सोडला नाही. २००३ मध्ये ते मुंबईत डबेवाल्यांना भेटले, त्यांचे काम समजून घेतले आणि २००५ मध्ये आपल्या लग्नाला त्यांच्यापैकी दोघांना बोलावले, हे इथल्या लोकांनी लक्षात ठेवले आहे. राज्याभिषेकात राणी कॅमिला यांच्या मुकुटात कोहिनूर नव्हता, हा संकोचही नोंद घेण्याजोगा आहे. २०२३ मध्ये केनियात त्यांनी वसाहतकाळातल्या अत्याचारांबद्दल तीव्र खेद व्यक्त केला, पण माफी मागितली नाही. ती मागायची की नाही हे ठरवणे त्यांच्या सरकारच्या हाती आहे. वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांच्या आधी कोणीही आला नव्हता इतक्या उशिरा, ते गादीवर आले. त्यांच्या काळात काय टिकेल आणि काय जाईल, किती देश त्यांना राजा मानत राहतील, भारतातून नेलेल्या वस्तूंचे काय होईल, हे अजून घडायचे आहे. त्या आधीच्या दोन चार्ल्स राजांपेक्षा ते माणूस म्हणून कितीतरी सौम्य आणि सत्शील आहेत. तेवढ्याने त्यांचा काळ थोर ठरत नाही आणि हलकाही ठरत नाही.

तेव्हा आपल्याकडे विनंती अशी की आपल्या दैनिकातून त्यांच्या राजवटीचा उल्लेख ‘चार्ल्स तिसरे यांची कारकीर्द’ असा करावा आणि त्यापुढे वर्षे द्यावीत. आधीच्या राजवटींशी तुलना करणारे लेख जरूर छापावेत, मला ते वाचायला आवडतील. फक्त त्यांत १६६८ ची मुंबईची सनद, १६७४ चा ऑक्झेंडनचा वृत्तांत आणि १८७७ चा दरबार यांना जागा मिळावी. मे २०२३ मध्ये लंडनला राज्याभिषेक झाला आणि पुढच्याच महिन्यात रायगडावर राज्याभिषेक शकाचे ३५० वे वर्ष सुरू झाले. त्या दोन्ही समारंभांची वृत्ते आपल्या पानांवर आली असतीलच, पण त्यांचा एकमेकांशी असलेला साडेतीनशे वर्षांचा संबंध सांगणारा लेख माझ्या वाचनात आला नाही. तो एखाद्या अभ्यासकाकडून लिहवून घ्यावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक,
सातारा